केराचा आठवडा

"ताई, कुकर तीन लिटरचा नेऊ की पाच?"

रविवारची बॅच सुटली होती. बाकीची मुलं जिन्यात चपला घालत होती आणि ही दारात थांबली होती. साताऱ्याकडची मुलगी, नर्सिंग झालेली, कर्वेनगरला पेइंग गेस्ट म्हणून राहणारी. जर्मन भाषेची बी-2 परीक्षा पास झाली होती, जर्मनीचा व्हिसा आला होता, तिकीट निघालं होतं.

"तीनचा ने," मी म्हटलं. "दोन रिंगा आणि एक शिट्टी जास्तीची घे." तिनं मोबाइलवर लिहून घेतलं. मग गोडा मसाला किती न्यायचा, लोखंडी तवा जड होईल का, थर्मल इथूनच घेतलेलं बरं का, असं एकेक विचारत राहिली. सगळ्याची उत्तरं दिली. ती गेली आणि मला चुटपुट लागून राहिली. जे सांगायला हवं होतं ते राहूनच गेलं होतं.

एरंडवण्यातल्या माझ्या घरी मी जर्मन शिकवते. पूर्वी एमएस करायला निघालेले इंजिनियर जास्त यायचे. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि त्यानंतर माझ्याकडे येणारी मुलं बदलली. नर्सिंगच्या मुली, इलेक्ट्रिशियन, हॉटेलात काम करणारे. कुणी सासवडहून एसटीनं येतं, कुणी वाईहून आदल्या रात्री येऊन मित्राच्या खोलीवर झोपतं. या मुलांच्या घरातलं कुणीही आधी परदेशी गेलेलं नसतं. विचारायला त्यांना मीच असते, म्हणून राहून गेलेलं मनाला लागतं.

बाडेन-व्युर्टेंबर्गची राजधानी श्टुटगार्ट. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये नवऱ्याच्या नोकरीसाठी आम्ही तिथं गेलो आणि 2019 च्या उन्हाळ्यात परत आलो. निघताना मीही मावसबहिणीला कुकरबद्दलच विचारलं होतं.

तर पहिलं राहिलेलं सांगणं घंटेचं. जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, गाव. बस. इमारतीत सहा घरं असोत की तीस, पोस्टमन पत्रपेट्यांवरची आडनावं वाचतो आणि पत्र टाकतो. बाहेरच्या दाराशी घंटांची रांग असते, तिथंही आडनावंच. तुमचं आडनाव पेटीवर नाही म्हणजे तुम्ही तिथं राहत नाही, असा त्याचा सरळ अर्थ, आणि पत्र आल्या वाटेनं परत जातं. आणि त्या देशात सगळं पत्रानंच येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात. विम्याचं कार्ड, कराचा नंबर, वीज कंपनीचा हिशेब. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रसुद्धा, तेव्हा घरटी महिन्याला साडेसतरा युरो, घरात टीव्ही असो वा नसो.

मी सदाशिव पेठेत वाढलेली. आमच्या घराचा पत्ता म्हणजे एक कहाणीच असायची. अमुक मंगल कार्यालयासमोरचा बोळ, पिठाच्या गिरणीला लागून लाकडी जिना, वर आलात की डावीकडे. चुकलात तर खालून हाक मारा. कुणी चुकलंच तर गिरणीवाले काका वर बोट दाखवायचे. पाटीवर आजोबांचं नाव होतं, ते जाऊन वीस वर्षं झाली तरी, आणि त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं.

श्टुटगार्टला आमच्या घंटेशेजारी बोटाएवढी पट्टी होती आणि त्यात आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. नवी पट्टी यायला दहा दिवस लागणार होते, म्हणून आम्ही कागदावर दोघांची आडनावं लिहून सेलोटेपनं चिकटवली. माझं माहेरचं आडनाव, त्याचं वेगळं, रोमन लिपीत दोन्ही लांबलचक. रात्री पाऊस आला. शाई उतरली. त्याच आठवड्यात बँकेचं कार्ड परत गेलं. तसं पाहिलं तर काहीच मोठं नुकसान नाही, कार्ड पुन्हा मागवता येतं. पण मी त्या ओल्या कागदासमोर उभी राहून रडले. पुण्यात माझ्या नावावाचून कुणाचं अडलं नव्हतं, आणि इथं नाव पुसलं गेल्याबरोबर मी नव्हतेच. नवी पट्टी आली तेव्हा तिचा फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांनी लगेच फोन करून विचारलं, "तुझ्या नावात एच राहिलाय का गं?" राहिला होता. तो तसाच राहिला, साडेतीन वर्षं.

आता भाषेचं. मराठी माणसाला जर्मनकडे जाताना एक पुंजी बरोबर मिळते आणि ती आपल्याला माहीतच नसते. इंग्रजीतून जर्मनकडे जाणाऱ्याला तीन लिंगांचा धसका असतो. आपण जन्मापासून तो, ती, ते करतच आलोय. चमचा आपलाही तो, त्यांचाही तो. सुरी मात्र त्यांच्याकडे ते, आणि सूर्य चक्क ती. पाठ करावं लागतं, पण निर्जीव वस्तूला लिंग असतं याचं आश्चर्य वाटत नाही. तू आणि तुम्ही यांतलं अंतरही आपल्याला शिकवावं लागत नाही. आकडेही तसेच. इंग्रजी वीसएक म्हणते, जर्मन 'एकआणिवीस' म्हणते आणि आपण एकवीस म्हणतो. मी वर्गात हे फळ्यावर लिहिते तेव्हा मागच्या बाकावरची मुलं सरसावून बसतात. इंग्रजीनं ज्यांना आयुष्यभर मागं ठेवलं, त्यांना पहिल्यांदा मराठीचा असा उपयोग होताना दिसतो. मला तो क्षण फार आवडतो.

एक गोष्ट मात्र मी परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवूनही चुकले. घर शोधत होतो. त्या शहरात भाड्याचं घर मिळणं फार कठीण. एका घरमालकांनी फोनवर सांगितलं, शनिवारी 'हाल्ब एल्फ'ला या. एल्फ म्हणजे अकरा, हाल्ब म्हणजे अर्धा. पुस्तकात शिकले होते की याचा अर्थ साडेदहा. पण फोनवर, घाईत, कानावर पडलं ते मनानं साडेअकरा म्हणूनच नोंदवलं. आम्ही साडेअकराला पोचलो तेव्हा घर दुसऱ्या कुटुंबाला गेलं होतं.

रात्री बाबांना सांगितलं. बाबा शाळेत संस्कृत शिकवायचे. माझी चूक, गेलेलं घर, थंडी यातल्या कशाबद्दलच ते बोलले नाहीत. म्हणाले, "अडीच म्हणजे काय गं? अर्धतृतीय. दोन पुरे झाले, तिसरा अर्धा. तुमचं ते हाल्ब द्राय तेच की."

मी गप्पच झाले. हाल्ब द्राय, अर्धा तीन, म्हणजे अडीच. अगदी तेच.

"दीडही तसाच. द्व्यर्ध. दुसरा अर्धा."

दीडला जर्मनमध्ये आन्डर्टहाल्ब म्हणतात. त्यातल्या 'आन्डर'चा जुना अर्थ दुसरा.

"आणि औट घटकेचं राज्य म्हणतो आपण, तो औट म्हणजे साडेतीन. अर्धचतुर्थ. माझ्या आजोबांना औटकी तोंडपाठ होती. साडेतीनचा पाढा."

त्यानंतर मी एकदाही चुकले नाही. घड्याळात हाल्ब आलं की मी मनात अडीच म्हणते आणि काटा आपोआप मागं सरकतो. आता पहिल्याच महिन्यात मुलांना असंच शिकवते. बाबांनी तो फोन ठेवताना म्हटलेलंही सांगते, की ही रीत आपल्याकडे होती, आपण ती साडेच्या नादात विसरलो, ते विसरले नाहीत.

खाण्यापिण्याचं फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. तुर्की दुकानात कोथिंबिरीची जुडी आणि मसूर मिळते, 'बुटरश्माल्त्स' म्हणजे आपलं तूपच, 'क्वार्क' रात्रभर फडक्यात टांगला की चक्क्याची गरज भागते. मैद्याच्या पुड्यावर नंबर असतो. 405 हा मैदा, 1050 मध्ये थोडं अख्ख्या गव्हाचं पीठ मिसळलं की पोळी बरी होते. माणूस खाण्यावाचून अडत नाही.

अडतो उजेडावाचून. डिसेंबरात तिथं सकाळी आठनंतर उजाडतं आणि साडेचारला दिवे लागतात. पहिल्या हिवाळ्यात मी दुपारी तीनलाच आवरून बाहेर पडायचे, जेवढा मिळेल तेवढा उजेड अंगावर घ्यायला. श्टुटगार्ट वाडग्यासारखं आहे, चारी बाजूंनी टेकड्या, उतारावर द्राक्षांचे मळे, आणि टेकड्या चढायला दगडी जिने. असे चारशेहून जास्त जिने आहेत त्या शहरात. मला पर्वती आठवायची. पर्वतीच्या 103 पायऱ्या लहानपणी बाबांचं बोट धरून मोजल्या होत्या. तिथंही मोजत चढायचे, मराठीत. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत. पण नातं लावायचंच तर मी पुण्याशी लावीन, टेकडीवर जाऊन आल्याशिवाय दिवस पुरा न होणाऱ्या माणसांच्या गावाशी.

आणि आता जिन्याचीच गोष्ट, खरं म्हणजे ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ती.

घर अखेर फॉयरबाख भागात मिळालं. जुनी इमारत, तीन मजले, मजल्यावर दोन घरं. समोरच्या दारात एक आजी एकट्या राहायच्या, पंचाहत्तरीच्या. राहायला गेल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी दार उघडलं तर मुठीला एक लाकडी पाटी अडकवलेली. मला वाटलं, तक्रार आहे. फोडणीच्या वासाची असेल, कुकरच्या शिट्टीची असेल. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, हे माहीत होतं आणि आम्ही पाळतही होतो. पाटीवर एकच शब्द होता, केरवोखे.

वोखे म्हणजे आठवडा. 'केरेन' म्हणजे झाडणं. योगायोग असा की मराठीत केर म्हणजे केरच. केराचा आठवडा. या आठवड्यात जिना झाडून-पुसून घ्यायची पाळी तुमची.

ही श्वाबेन मुलखाची, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या भागाची रीत. 1492 च्या श्टुटगार्टच्या नगर-नियमांत घाण दर आठवड्याला बाहेर काढायची सक्ती होती, तिथून ही परंपरा सांगतात. 1988 मध्ये शहरानं आपल्या बाजूची सक्ती उठवली, पण घराघरांच्या भाडेकरारात आणि नियमावलीत ती तशीच राहिली. धाकटा केरवोखे आपल्या मजल्याच्या जिन्याचा, तो दोन शेजाऱ्यांत आलटून पालटून. थोरला सगळ्या इमारतीचा, त्यात तळघर, अंगण, फुटपाथ, आणि हिवाळ्यात सकाळी सातच्या आत बर्फ बाजूला करून खडी टाकणं.

मला राग आला. खोटं कशाला सांगू? आमच्या घरात केर मीच काढायचे, त्यात काही नव्हतं. पण उंबऱ्याबाहेरचा केर काढायला दुसरं कुणीतरी असतं हे इतकं गृहीत होतं, की त्या 'दुसऱ्या कुणीतरी'चा मी कधी विचारच केला नव्हता. वाड्यात जिना झाडायला एक बाई यायच्या. त्यांना आम्ही मुलं नावानं हाक मारायचो, मावशी वगैरे नाही. त्यांचा चहाचा कप वेगळा, कोनाड्यात पालथा घातलेला. पाटी हातात घेऊन उभी असताना तो कप आठवला. चाळिशीला आलेल्या मला तो तेव्हा पहिल्यांदा आठवला, याची लाज आजही वाटते.

शनिवारी सकाळी बादली घेऊन बाहेर आले. खालून वर पुसायला सुरुवात केली. आजींनी दार उघडलं, क्षणभर पाहिलं, आत गेल्या आणि स्वतःचं फडकं घेऊन आल्या. बोलल्या श्वाबिश बोलीत. माझ्या पुस्तकी जर्मनला त्यातलं निम्मंच कळलं, बाकीचं त्यांनी करून दाखवलं. वरून खाली यायचं, म्हणजे पुसलेल्यावर पाय पडत नाही. पायपुसणं आधी उचलून झटकायचं, त्याच्याखाली खरी माती असते. मग पायऱ्यांचे कोपरे. मग कठडा, वरून आणि खालूनही, कारण बोटं खालून लागतात. शेवटी खिडकीची कड. तिथं मेलेली माशी होती, ती त्यांनी चिमटीत उचलली. अर्धा तास लागला. शेवटच्या पायरीवर उभं राहून त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "झो." एवढंच. 'झालं' असं आपण ज्या सुरात म्हणतो, अगदी त्याच सुरात.

दुपारी पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले होते. जाताना ओल्या पायऱ्या पाहून थांबले, कडेकडेनं पावलं टाकत उतरले आणि खालून "दांके" म्हणाले. त्या देशात येऊन तीन महिने झाले होते. तोवर दांके म्हणायचं काम माझं होतं. दुकानात, कचेरीत, बँकेत, सगळीकडे मी मागणारी. पहिल्यांदा कुणीतरी मला दांके म्हणत होतं.

मग पाटी दर आठवड्याला समोरच्या दोन दारांमध्ये येरझाऱ्या घालू लागली. रविवारी संध्याकाळी मी ती आजींच्या मुठीला अडकवायचे, पुढच्या रविवारी त्या माझ्या. पुण्याला यायचं झालं की त्या म्हणायच्या, तुझे दोन मी करते, माझे दोन तू मार्चमध्ये कर. मार्चमध्ये त्या बहिणीकडे जायच्या. हिशेब चोख असायचा आणि त्या चोखपणात माया होती.

2016 ला दिवाळी ऑक्टोबरअखेर आली. तीस तारखेला, रविवारी लक्ष्मीपूजन, आणि त्याच पहाटे युरोपातली घड्याळं तासभर मागं गेली. भारताशी असलेलं साडेतीन तासांचं अंतर साडेचारचं झालं. धनत्रयोदशीला मी दाराबाहेर रांगोळी काढली होती. ठिपक्यांची, अकरा ते एक, पुण्याहून आणलेले रंग. शनिवार आजींच्या पाळीचा. सकाळी बादलीचा आवाज आला आणि छातीत धस्स झालं. त्यांना सांगायचं राहिलं होतं. बाहेर जायचा धीर होईना. अर्ध्या तासानं दार उघडलं. जिना लखलखत होता, आमच्या पायपुसण्याची घडी घालून कठड्यावर ठेवली होती, आणि ओल्या फरशीच्या मधोमध रांगोळी जशीच्या तशी होती, एकही ठिपका न हललेला. भोवती चार बोटं कोरडी जागा सोडून त्यांनी गुडघ्यावर बसून, हातानं पुसलं होतं. त्यांचे गुडघे दुखायचे.

संध्याकाळी चकल्या घेऊन गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "हे किती दिवस ठेवायचं असतं? म्हणजे मला कळेल." भाऊबीजेपर्यंत, मी म्हटलं. त्यांनी कॅलेंडरवर खूण केली.

दोन वर्षांनी त्यांनी मला 'दू' म्हणायला सांगितलं. तिथं तुम्हीवरून तूवर यायचं ते वडीलधाऱ्यांनी सांगितल्यावरच. मी माझ्या आजीला तूच म्हणायचे, त्यामुळे जीभ अडखळली नाही. आम्ही निघालो त्या दिवशी पाटी माझ्या दाराला होती. सामान खाली गेलं, मी जिना पुसला, आणि पाटी समोर नेऊन दिली.

आता एरंडवण्यातल्या आमच्या इमारतीत सफाईला मावशी येतात. मी परत आले तेव्हा त्यांना आठवड्याची सुट्टी नव्हती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हटलं, रविवारी त्यांना सुट्टी देऊ, सहा घरं आहेत, दर घराला दीड महिन्यातून एकदा पाळी येईल. खूप बोलणं झालं. "आपण कशाला, पैसे देतो ना," इथवर गाडी आली आणि तिथंच थांबली. सुट्टी मंजूर झाली, पाळी नाही. मग रविवारी सकाळी बॅचच्या आधी मी आमचा जिना झाडते. गेल्या वर्षीपासून खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका त्यांचा करतात, त्याबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललेलो नाही. मावशींनी एकदा सोमवारी विचारलं, "रविवारी कोण काढतं हो केर? कोपरे चांगले असतात." मी माझं नाव सांगितलं. त्या खूप वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

साताऱ्याची मुलगी जाऊन आता पाच आठवडे झाले. मधे दोनदा मेसेज आले. नाव दाराला लागलंय, एच सकट. कुकर चालतोय. परवा दुपारी क्लासची वही तपासत होते आणि फोटो आला. मुठीला अडकवलेली पाटी, नव्या धर्तीची, पुठ्ठ्याची. शब्द तोच. खाली लिहिलं होतं, "ताई, माझं काही चुकलं का?"

मी फोनच लावला. तिकडं हाल्ब एल्फ झाले होते.

"काही चुकलं नाही. बादली आहे का घरात?"

"आहे."

"गरम पाणी घे. पायपुसणं आधी उचल. वरून खाली ये, आणि कठडा खालूनसुद्धा पूस."